काळ्याला दिवाळीत मज्जाव का?

दिवाळी हा रंगांचा सण आहे, हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडते की ते खरे आहे की नाही, हे पाहण्याची कोणाला गरजच भासत नाही. रंगांचा सण फाल्गुनात येतो. दिवाळी हा उजेडाचा सण. आणि आपल्या पूर्वजांनी दिव्यांच्या रांगा लावण्यासाठी लक्ष्मीपूजनाची तिथी निवडली ती आश्विनातली अमावास्या. काळोखाची भीती त्यांना नव्हती. ती आम्हांला आहे.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते शुभेच्छापत्रांचे. निगडीच्या प्राधिकरणात माझ्या ओळखीच्या एक बाई हाताने पत्रे करतात. पांढरा जाड कागद, काळी शाई, कात्रीने कातरलेला काळा कागद; तिसरा रंग नाही. पणतीची ज्योत त्या काढतच नाहीत. भोवतीचे सारे काळे भरतात आणि ज्योतीपुरता कागद कोरा सोडतात. गेल्या वर्षी एका वसाहतीच्या दिवाळी विक्रीत त्यांची चाळीस पत्रे मांडली होती. दुपारच्या आत ती टेबलावरून उठली. विकली गेली म्हणून नव्हे, तर चिटणीसांनी पिशवीत भरून परत केली म्हणून. “सणासुदीला काळे? घरात कोणी गेले की काय असे वाटते!” हा त्यांचा अभिप्राय. बाईंच्या यजमानांची चाकणची नोकरी कंत्राटी. बोनसच्या यादीत त्यांचे नाव नसते. मुलांच्या कपड्यांचा हिशेब त्या चाळीस पत्रांवर बसवलेला होता.

आता या अभिप्रायाचा समाचार घेऊ. मंगलकार्यात काळे वस्त्र चालत नाही, हे मला मान्य आहे. पण पत्राला काळी चौकट म्हणजे दुखवटा, ही रीत कोणाची? ती साहेबाची. आपल्याकडे शोकाचा रंग पांढरा. तेव्हा शोकाची आठवण होते म्हणून रंग हद्दपार करायचे असतील, तर आपल्या रिवाजाप्रमाणे आधी पांढरा कागद जाळावा लागेल! उलट सौभाग्याचे मणी काळे, तान्ह्याच्या गालावरची तीट काळी, संक्रांतीची चंद्रकळा काळी. आकुर्डीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो, तेव्हा हेच चिटणीस पंगतीला वाढायला उभे असतात. ती पालखी ज्याच्या भेटीला निघालेली असते, त्या विठोबाचा वर्ण कोणता, हे त्यांना मी सांगायला नको.

आणि शाई तरी काय आहे? जुन्या पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळीत डिंक खलून होत असे. ज्या दिव्याचा उजेड शुभ, त्याचीच काजळी अशुभ कशी? वाचकहो, हातातला हा अंकच पाहा: पांढऱ्यावर काळे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत काळी अक्षरे विकत घेत आला आहे. वसंत सरवटे यांच्या काळ्या रेषेने कितीतरी दिवाळ्या आपल्याला हसवले; तीत गुलाबी रंग नाही म्हणून कोणी अंक परत केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मग या मंडळींना रंगीत हवे ते काय? पहाटे चारपासून फोनवर येऊन पडणाऱ्या त्या झगमगीत समया! एकच समई मला सतरा जणांनी पाठवली. त्यांतल्या तिघांना मी कोण, हे आठवत असेल असे वाटत नाही. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळाचे पहिले छापील पत्र काढले, तेही मित्रांना एकेक पत्र लिहायला वेळ पुरेना म्हणूनच, असे सांगतात. म्हणजे आळस जुनाच आहे. पण त्या पत्रावर निदान नाव तरी हाताने घालावे लागे.

बाईंच्या पत्रांचा कागद हातकागद असतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून तिथे कागद होतो. या कागदावर काम करणे सोपे नाही. खळ कमी बसली असेल तर शाई फुटते. म्हणून त्या आधी कोपऱ्यावर एक ठिपका टाकून पाहतात. घडीवर शाई भरली तर तिथे ती तडकते, म्हणून घडीची जागा कोरी सोडतात. (एक दोष मात्र खरा: आत मजकूर फार लिहितात. “दिवाळीच्या शुभेच्छा” एवढे पुरे.)

विक्रीच्या टेबलाशी एका गृहस्थांनी पत्र उलटसुलट करून विचारले होते, “रंग एकच, मग किंमत चाळीस रुपये कशाची?” बाई बोलल्या नाहीत, म्हणून मी सांगतो. रंगीत चित्रात चूक झाली तर तिच्यावर दुसरा रंग चढवता येतो. इथे काळे रेषेबाहेर गेले की खोडरबर चालत नाही, वर पांढरा रंग लावला तर डाग उठून दिसतो. पत्र फाडावेच लागते. दहांतली दोन-तीन अशी जातात. चाळीस रुपयांत ती फाडलेलीही आली.