आठ तलवारी, मोकळे पाय

टॅरो रीडरसमोर बसलेल्या ऑफिसवाल्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच : 'जॉब बदलू का?' त्यात 'एट ऑफ स्वोर्ड्‌स' निघालं, की चेहरा पडलाच म्हणून समजा. डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोऱ्या-पट्ट्या गुंडाळलेली एक बाई आणि आजूबाजूला जमिनीत रोवलेल्या आठ तलवारी. अर्थ शोधावा तर काय लिहिलेलं असतं? बंधन, कोंडी, असहायता. झालं! 'आता माझं काही खरं नाही.'

जरा थांबा. अर्थ नंतर वाचा, आधी चित्र बघा. तिचे पाय बांधलेले नाहीत. तलवारी मागे आणि बाजूला आहेत, समोरची वाट मोकळी आहे. किल्ला आहे, पण पार मागे, कड्यावर. आणि पहारेकरी? अख्ख्या चित्रात एकही नाही! हा डेक ज्याच्या कल्पनेतून आला, त्या आर्थर एडवर्ड वेटनंही हा बंदिवास तात्पुरता असल्याचंच लिहिलंय.

चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथनं, लंडनमध्ये, 1909 साली. त्याआधीच्या बहुतेक डेक्समध्ये आठ तलवारींचं पान म्हणजे आपली चौकट अठ्ठी, नुसत्या आठ तलवारी मांडलेल्या. (टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातल्या इटलीतला पत्त्यांचा खेळच! भविष्य त्याला फार नंतर चिकटलं.) पामेलानं मात्र अशा साध्या पानांवरही माणसं आणली, प्रसंग आणले. 78 पानं काही महिन्यांत हातावेगळी केली आणि काम डोंगराएवढं, पैसे मात्र चिमूटभर, अशी कुरकुर एका पत्रात केली. ओळखीचं वाटतंय ना? पानाच्या खालच्या कोपऱ्यात तिची सही असते, बघा सापडते का.

तिची चित्रं वाचायची माझी युक्ती अगदी साधी आहे. पानातलं माणूस कुठे बघतंय आणि त्याला काय दिसत नाहीये, एवढंच शोधायचं. 'फाइव्ह ऑफ कप्स'मधला काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत उभा आहे. त्याच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत, शाबूत. अप्रेझलच्या आठवड्यात आपलं असंच होतं. सगळ्यांना घाबरवणाऱ्या 'डेथ'मध्येसुद्धा मागे दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य आहे, पण सांगाड्यावरून नजर हटली तर ना!

म्हणून 'एट ऑफ स्वोर्ड्‌स' आलं, तर रीडरला पुढचा प्रश्न विचारण्याआधी स्वतःला विचारा, डोळ्यांवरची पट्टी कशाची आहे? 'आई-बाबा काय म्हणतील'ची? बॉसच्या मूडची? की पाच वर्षांच्या सवयीची? होम लोनचा ईएमआय असेल, तर ती पट्टी नाही, खरी तलवार आहे. ती कुठलंही कार्ड उपटून देणार नाही. पण आठातल्या किती तलवारी खऱ्या, तेवढ्या मोजून तरी बघा.