विश्लेषण : विमान दीड तासाचे, तरी सावंगीहून हृदयासाठी चार तास अपुरे का?

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, विमानाचा वेळ साधारण दीड तास. आकडे खरे आहेत. पण सावंगी (मेघे) येथे मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला आणि हृदय मुंबईला न्यायचे ठरले, तर या आकड्यांवर विसंबून चालत नाही.

दीड तास कशाचा?

६८० किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून दोन विमानतळांमधील सर्वांत जवळचे अंतर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते तासाच्या आत कापले जावे. मात्र वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढण, उतरण, मुंबईच्या आकाशातील रांग, सगळे त्यात येते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात. मुंबईला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

हृदयाचे घड्याळ

शरीराबाहेर हृदय साधारण चार तास टिकते. ही मोजणी दात्याच्या शरीरातील रक्तप्रवाह थांबताच सुरू होते आणि नव्या शरीरात रक्त वाहू लागेपर्यंत चालते. सावंगी ते नागपूर विमानतळ सुमारे ७५ किलोमीटर; ग्रीन कॉरिडॉर करूनही तासभर. विमानाचा दीड तास. मुंबईत रुग्णालयापर्यंत अर्धा तास. झाले तीन तास. रोपणाच्या शस्त्रक्रियेला आणखी एक तास धरला, तर चार तास संपले. कुठे दहा मिनिटांची खोळंबाही परवडणारी नाही. नेहमीचे विमान हृदयाच्या वेळेला सुटत नाही, म्हणून बहुतेकदा खासगी विमान लागते. यकृताला सुमारे १२ तास, मूत्रपिंडाला २४ तास किंवा अधिक मिळतात. मूत्रपिंड तर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गानेही मुंबई गाठू शकते.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा जुना आहे. १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री येथे येऊन थैल्यांची अदलाबदल करीत. आजही चारही शहरे येथून हजार किलोमीटरच्या आत आहेत. अर्थात, हा फायदा नागपूरचा. सावंगीला तो ७५ किलोमीटरनंतर मिळतो.

नव्या विमानसेवांच्या घोषणांचे स्वागत जोरात होते, पण त्याने आकाशातला वेळ पाच मिनिटांनीही कमी होत नाही. कमी होऊ शकतो तो जमिनीवरचा. वर्धा आणि नागपूर पोलिसांचा आधीच ठरलेला एकच मार्ग, हद्द बदलली तरी न थांबणारी पायलट गाडी आणि रुग्णवाहिकेला थेट विमानाजवळ सोडणारे फाटक, एवढ्यानेही वीस मिनिटे वाचू शकतात. यासाठी नवी धावपट्टी लागत नाही. दोन जिल्ह्यांच्या प्रशासनाने एकदा एकत्र बसावे लागते.