शेकरूच्या रानात पायीच जावं
रानवाट : साप्ताहिक स्तंभ

आपल्या मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्याकडून कोकणात जाणाऱ्या सहलींची वाट ठरलेली असते. अलिबाग, काशीदचा किनारा, मुरुड आणि शिडाच्या होडीतून जंजिरा. काशीद-मुरुडच्या पाठीशी असलेल्या डोंगरात फणसाडचं अभयारण्य आहे, पण बहुतेकांच्या गाड्या तिकडे न वळताच पुढे निघून जातात. जवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पामुळे आपल्या डोक्यात जंगल म्हणजे तिकीट, जिप्सी आणि वाघ असं पक्कं बसलं आहे. फणसाडला वाघ नाही, म्हणून तिथे बघण्यासारखं काय, असं वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. फणसाड हे पायी बघण्याचं रान आहे. पर्यटक कितीही वाढले तरी त्यांच्यासाठी आतल्या वाटांचे गाडीरस्ते होऊ देता कामा नयेत.

हे रान टिकलं त्याला कारण जंजिऱ्याचे सिद्दी नवाब. त्यांनी ते शिकारीसाठी राखलं होतं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आपल्या सातपुड्यातलं बोरीचं जंगल इंग्रजांनी 1865 मध्ये राखीव केलं, ते इमारती लाकडासाठी. म्हणजे किनाऱ्यावर काय नि सातपुड्यात काय, जुनं रान उरलं ते राज्यकर्त्यांच्या हौशीपोटी किंवा गरजेपोटी, आणि सामान्य माणसाला बाहेर ठेवून. आज ही रानं जनतेच्या नावावर आहेत. तेव्हा जनतेनं आत कसं शिरायचं, हा प्रश्न तिकीटखिडकीवर सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

याचं उत्तर फणसाडचं शेकरूच देतं. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी, म्हणजे मोठी खार, सहसा जमिनीवर उतरत नाही. खाणं, झोपणं, पिलं वाढवणं, सगळं उंच झाडावर. बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांची गोल घरटी बांधतं, तीही एकाहून जास्त. या झाडावरून त्या झाडावर जायचं तर फांद्या एकमेकींजवळ हव्यात. पायवाटेवर दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भिडलेली राहतात. गाडीरस्ता रुंद केला, कडेच्या फांद्या छाटल्या की वरची वाट तुटते. मग शेकरूला उडी तरी लांब मारावी लागते, नाहीतर जिवावर उदार होऊन खाली उतरावं लागतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानं रायगडच्या किनाऱ्यावर आधीच झाडांची मोठी पडझड केली. त्यातून सावरणाऱ्या रानाचं छत्र आपण सोयीसाठी आणखी फाडावं, हे मला पटत नाही. गारंबीच्या वेलीचंही तसंच. झाडांवर चढत जाणाऱ्या या वेलीच्या हातभर, कधी त्याहून लांब शेंगा मान वर करून, थांबून बघायच्या असतात. इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात, त्यांच्या काठी तर आवाज न करता बसावं लागतं. इंजिन सुरू असताना यातलं काय दिसणार नि काय ऐकू येणार?

पायी चालणाऱ्यांमुळेही रानाला त्रास होतो, हा आक्षेप खोटा नाही. पन्नास जणांचा घोळका मोबाइलवर गाणी लावून फिरला तर एखादी जिप्सी परवडली. म्हणून पायवाटेलाही शिस्त हवी: रोजची संख्या ठरलेली, तुकडी लहान, सोबत गावातला वाटाड्या आणि प्लास्टिकची झडती. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. म्हाताऱ्यांनी, पाय अधू असलेल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी प्रवेशाजवळच एक सपाट, आखूड वाट आणि बसायला कट्टे असावेत. पण या कारणाखाली आतपर्यंत रस्ता नेला, तर त्याचा फायदा धडधाकट घाईवाल्यांनाच होतो. तिसरं म्हणणं असं की माणूस आतच नको. पण फणसाडला गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवण्याचा उपक्रम झाला, आणि तो आसपासच्या गावकऱ्यांची साथ असेल तरच चालू शकतो. गावाला वाटाड्याचा रोजगार, जेवणाचे चार पैसे मिळाले, तर रानात कुऱ्हाड चालली की आधी गावच बोलेल.

कोकणातल्या रानाची पंचाईत मोहगावनं कशाला करावी, असं कुणी विचारेल. पेंच आपल्या उशाशी आहे, म्हणून. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात वाघ असूनही पायी फिरण्याची सोय आहे. मग छिंदवाडा जिल्ह्यातल्या जमतरा प्रवेशद्वाराच्या बाजूला, बफर क्षेत्रात, गावच्या वाटाड्यांसोबतच्या पायवाटा का नसाव्यात? ही मागणी आपल्या भागातल्या शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी लेखी करावी. आणि येत्या हिवाळ्यात कोकणची सहल ठरवाल तेव्हा जंजिऱ्यासोबत एक सकाळ फणसाडसाठी ठेवा. बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, गाडी बाहेरच लावा.