पडदा बोलतो, आपण ऐकू या!



गेल्या महिन्यात भाचीला घेऊन सिनेमाला गेले होते. तिकिटं काढली, पॉपकॉर्न घेतलं, दिवे मालवले आणि आमच्या आजूबाजूला दुसराच सिनेमा सुरू झाला!

डावीकडच्या काकांचा फोन वाजला. "अरे, थिएटरात आहे. नाही नाही, बोल की!" पुढच्या ताईंनी सिनेमा आधीच बघितलेला. त्या शेजारणीला सांगत होत्या, "बघ हं, आता कोकरू विहिरीपाशी सापडणार." झालं! आमच्या सगळ्या रांगेला गोष्ट कळली. त्यात मागून कुणीतरी माझ्या खुर्चीवर पायानं ताल धरलेला. धप्, धप्, धप्! मी वळून डोळे वटारले, अगदी वर्गात वटारते तसे. मागे सात-आठ वर्षांचा मुलगा होता, आजीबरोबर आलेला. ताल काही थांबला नाही.

थोड्या वेळानं माझ्या फोनवर शाळेचा निरोप आला. म्हटलं, आवाज तर बंदच आहे, पटकन वाचून घेऊ. पडद्यावर तेव्हा काळोखी रात्र होती. इतक्यात मागून हळूच आवाज आला, "आजी, त्या काकूंना लाइट बंद करायला सांग ना. मला कोकरू दिसत नाही."

फोन पर्समध्ये गेला आणि माझी मान खाली गेली. इतका वेळ मी सगळ्यांच्या चुका मोजत होते. माझी मात्र त्या चिमुरड्यानं दाखवली.

एवढ्याशा उजेडानं काय होतं, असं वाटतं ना? मग ऐका. बहुतेक थिएटरांत पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. प्रोजेक्टरचा प्रकाश पडद्यावर पडतो आणि तिथून परतून आपल्या डोळ्यांत येतो. अंधारात आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. डोळे अंधाराला पुरते सरावायला तर वीस-तीस मिनिटं लागतात. अशा वेळी जवळच फोन उजळला की नजर तिकडेच ओढली जाते, आणि पडद्यावरचं काळोखातलं चित्र फिकं वाटतं. घरी करून बघा. रात्री दिवे मालवून दहा मिनिटं बसा, मग कुणाला तरी फोन लावायला सांगा. लगेच पटेल!

आता आवाजाचं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला, तो मूकपट होता. पुढे १९३१ मध्ये 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट आला आणि १९३२ मध्ये मराठीत 'अयोध्येचा राजा'. म्हणजे पडदा बोलायला लागून नव्वद वर्षं उलटून गेली. आपण मात्र अजून गप्प बसायला शिकलो नाही!

याचा अर्थ पुतळ्यासारखं बसायचं असा नाही हं. विनोद झाला की खळखळून हसा, टाळ्या वाजवा, रडू आलं तर खुशाल रडा. ते सगळ्यांचं मिळून असतं. पण गप्पा, फोन, पुढची गोष्ट फोडणं आणि खुर्चीला लाथा, हे एकट्याचं असतं आणि त्रास मात्र सगळ्यांना. अंधारात आपण कुणाला दिसत नाही, म्हणून आपण तिथे नसतो असं थोडंच आहे?

मध्यंतरात मी मागे वळले आणि त्या मुलाला म्हटलं, "चुकलं हं माझं, बाळा." तो लाजून आजीच्या पदराआड लपला. पण गंमत सांगू? नंतर शेवटापर्यंत माझ्या खुर्चीवर एकदाही धप् झालं नाही. डोळे वटारून जे जमलं नव्हतं, ते दोन शब्दांनी झालं.

तेव्हा पुढच्या वेळी सिनेमाला जाल, तेव्हा आत शिरतानाच फोन बंद करायचा. आई-बाबा विसरले तर त्यांना हळूच आठवण करून द्यायची. रागावायचं नाही बरं का! मोठी माणसंसुद्धा चुकतात. माझ्यासारखी.