फ्यूजची तार आणि वायरमनचा परवाना

संपादक महाशय यांस,


फ्यूज वारंवार उडत असल्यास त्यात जाड तार घालून वायरमनचा खर्च वाचवावा, असा जो सल्ला गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो प्राणघातक असल्याने त्याचा प्रतिवाद करणे मी कर्तव्य समजतो. अतिभार होताच स्वतः वितळून भिंतीतील वायर वाचविणे, हेच फ्यूजचे प्रयोजन होय. आमचाही फ्यूज असाच उडू लागला असता न्हाणीघरातील गीझरचा सॉकेट परवानाधारक वायरमनने मेन स्विच बंद करून उघडला, तेव्हा सैल स्क्रूपाशी वेष्टण वितळून दोन तारा एकमेकींस भिडलेल्या आढळल्या. मनुष्याच्या रक्षणास मात्र निर्दोष अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. तेव्हा परवाना पाहूनच काम सोपवावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक