जुन्या मोटारीचा हिशेब

मोटार किती वर्षे वापरावी, हा आजवर तिच्या मालकाचा घरगुती प्रश्न समजला जात असे. आता तो शासनाचा प्रश्न झाला आहे. जुनी वाहने स्वेच्छेने मोडीत काढण्याचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी घोषित झाले. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. पर्यावरण कर याशिवाय वेगळाच. या आकड्यांकडे दिल्लीतून वा मुंबईतून पाहणे निराळे आणि हिंगणघाट तालुक्यातील वडनेरमधून पाहणे निराळे.

वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. पूर्वी ७ क्रमांकाचा असलेला हा रस्ता आता ४४ क्रमांकाचा म्हणून ओळखला जातो आणि श्रीनगरहून कन्याकुमारीला जातो. रस्ता उत्तम, चौपदरी. त्यावरून नव्या कोऱ्या गाड्या सुसाट निघून जातात आणि त्यांच्याच कडेने, डावी बाजू धरून, एखादी मारुती ८००, एखादी ओम्नी किंवा इंडिका जपून चाललेली दिसते. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, इंडिकाचे २०१८ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये. कारखान्याने ज्यांचा निरोप घेतला, त्या गाड्यांना अशा गावांनी अद्याप निरोप दिलेला नाही. त्यांचे मालक शाळेतले शिक्षक असतात, कृषी केंद्राचे दुकानदार असतात किंवा पाच-सात एकरांत कपाशी आणि सोयाबीन पिकवणारे शेतकरी असतात. बहुतेकदा मोटारीचे ते दुसरे किंवा तिसरे धनी असतात.

‘ऐपत नाही तर मोटार कशाला?’ असा प्रश्न शहरी सुज्ञ विचारतात. शहरात हाकेच्या अंतरावर रिक्षा मिळते, म्हणून तो सुचतो. गावात रात्री नऊनंतर वृद्ध वडिलांच्या छातीत कळ आली, तर सेवाग्रामच्या रुग्णालयाचा रस्ता आठवतो आणि मग वाहन आठवते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत. तथापि, ती येईपर्यंतची मिनिटे घरच्या माणसांनाच मोजावी लागतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.च्या संपात ग्रामीण महाराष्ट्राने जे भोगले, त्यानंतर तर दारात चार चाके असणे ही चैन आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

परंतु इथेच या व्यवहारातील विसंगतीही आहे. मोटार घेतली ती अडीनडीला उपयोगी पडावी म्हणून. आणि जुनी मोटार नेमकी अडीनडीलाच रुसून बसते. विदर्भातील मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप ती ओढू शकत नाही आणि गाडी भर उन्हात उभी राहते. मग पंपावर ओले फडके टाकून बसावे, हा उपाय अशा गाडीच्या प्रत्येक मालकाला पाठ असतो. बॅटरीचा भरवसा नाही म्हणून गाडी उतारावर लावणे, डिकीत पाण्याचा डबा ठेवणे, मिस्त्रीचा दूरध्वनी क्रमांक डॉक्टरच्या क्रमांकाच्या वर लिहून ठेवणे, हे सारे मग ओघाने येते. मोटार दारात असते, पण लग्नाला निघताना एस.टी.चे वेळापत्रकही पाहून ठेवले जाते. म्हणजे एका प्रवासाची दोनदा तजवीज! ही दुसरी तजवीज हा जुन्या मोटारीचा खरा खर्च होय. तो कोणत्याही बिलावर दिसत नाही.

बिलावर दिसणारा खर्च मात्र लोक समजतात तितका अवाजवी नसतो. ‘चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण अशा गाडीला हमखास लावली जाते. ती लावण्यापूर्वी थोडी आकडेमोड करावयास हवी. समजा, नव्या लहान मोटारीसाठी ४ लाख रुपयांचे कर्ज ७ वर्षांच्या मुदतीने आणि दरसाल १० टक्के व्याजाने घेतले. मासिक हप्ता सुमारे ६,६४० रुपये पडेल; वर्षाचे जवळजवळ ८०,००० रुपये. उलट, ६०,००० रुपयांना घेतलेली जुनी मोटार वर्षाकाठी २५,००० रुपयांची दुरुस्ती मागत असेल, तर मसाला कोंबडीहून महाग असूनही एकंदर जेवण स्वस्तच पडते. शिवाय हप्त्याची तारीख बँक ठरविते. दुरुस्तीची तारीख काही अंशी तरी मालकाच्या हातात असते. ज्याचे उत्पन्न कापूस विकला गेल्यावर एकदमच हाती येते, त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. गिअरबॉक्स कुरकुरत असला तरी दिवाळीपर्यंत ढकलता येतो. बँकेचा हप्ता ढकलता येत नाही. जुनी मोटार हे एका अर्थी गरजवंताने स्वतःच स्वतःला दिलेले कर्ज आहे. त्याचे व्याज तो मनस्तापाच्या रूपाने फेडतो.

अर्थात मालक नेहमीच शहाणपणाने वागतो, असे नव्हे. ‘गेल्या वर्षीच क्लच नवा टाकला, आता कशी विकायची?’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक वाचलेला विद्यार्थी यावर हसेल. झालेला खर्च बुडाला. निर्णय पुढच्या खर्चाकडे पाहून करावयाचा असतो, असे तो सांगेल. नियम बरोबर आहे. पण विद्यार्थ्याने इतक्यात हसू नये, कारण मालकाच्या त्या हळहळीत एक अस्सल आर्थिक सत्य दडलेले आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. २००१ मध्ये त्यांना इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यातील मुद्दा बैलबाजारात उभा राहिलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावा असा आहे. विकणाऱ्याला आपल्या जनावराचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा दात मोजतो, बैल चालवून पाहतो. तरीही त्याच्या मनात शंका उरतेच, आणि त्या शंकेपोटी तो भाव पाडून मागतो. पाडलेल्या भावात चांगला बैल विकणे मालकाला परवडत नाही. तो दावणीलाच राहतो. बाजारात उरतात ते बहुधा खोडीचे बैल, आणि त्यामुळे पुढच्या खेपेला भाव आणखी पडतो.

मोटारीला तर दातही नसतात. तिने किती मजल मारली हे सांगणारा काटा मागे फिरवता येतो, हे सर्वांस माहीत आहे. त्यामुळे ज्या मोटारीचा क्लच खरोखरच नवा आहे, तिलाही नसलेल्या क्लचचाच भाव येतो. याचा अर्थ असा की, दहा वर्षे सांभाळलेली मोटार तिच्या मालकाला जेवढ्या मोलाची असते, तेवढ्या मोलाची ती जगात दुसऱ्या कोणालाही नसते. कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा, थंडीत चोक किती ओढावा, कोणत्या मिस्त्रीला हात लावू द्यावा आणि कोणाला नाही, ही सारी त्याची जमविलेली पुंजी होय. गाडी विकली किंवा मोडीत काढली की ती पुंजी त्याच दिवशी शून्य होते. लोखंडाचा भाव देऊन शासन ती विकत घेऊ पाहते, तेव्हा मालक नाखूश का असतो, याचे उत्तर भावनेत शोधण्याची गरज नाही.

एके काळी या देशात गणित उलटे होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची फियाट आणि बंगालमधील उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर, अशा दोन-तीन गाड्यांपलीकडे निवड नव्हती. परवान्यांच्या राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागे आणि थोडीशी वापरलेली गाडी नव्याहून अधिक किमतीला जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू ते दिवस सरले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्ता सोडला, तेव्हा वृत्तपत्रांनी हळवे मृत्युलेख लिहिले. टॅक्सी २० वर्षांची झाली म्हणून गेली. टॅक्सी रोज दिवसभर धावते, तेव्हा तिला वयाची मर्यादा असावी हे समजण्यासारखे आहे. पण तेच वयाचे माप खासगी मोटारीला लावताना एक गोष्ट दृष्टीआड होते.

धूर ओकते ती धावती मोटार. मोटारीमुळे हवेत किती विष जाते, हे एका किलोमीटरमागे ती किती सोडते आणि किती किलोमीटर धावते, या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. जुन्या गाडीचा पहिला आकडा मोठा असतो, हे निःसंशय. भारत स्टेज ४ चे निकष देशभर लागू झाले ते २०१७ मध्ये, स्टेज ६ चे २०२० मध्ये. त्याआधीच्या गाड्यांचे समर्थन करताना गरिबीचे नाव पुढे करून धुरावर पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. काळा धूर सोडणारी इंडिका शाळेच्या फाटकासमोर उभी राहत असेल, तर तिचा मालक शिक्षक आहे म्हणून तिचा धूर पवित्र होत नाही. परंतु दुसऱ्या आकड्याचे काय? आठवड्यातून एकदा हिंगणघाटच्या बाजाराला आणि महिन्यातून एकदा वर्ध्याला जाणारी मोटार वर्षाला कितीशी धावणार? नूतनीकरणाचे शुल्क तिलाही तेवढेच आणि रोज शंभर किलोमीटर पिटाळल्या जाणाऱ्या मोटारीलाही तेवढेच. तृतीय पक्षाच्या सक्तीच्या विम्याचेही तसेच. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये ठरले, ते ती किती धावते हे न विचारताच. कर वापरावर असावा की मालकीवर, हा अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. इथे तो वयावर बसविण्यात आला आहे आणि वय हे तिन्हींपैकी सर्वांत कच्चे माप आहे.

मोडीत काढण्याच्या सवलतींचा लाभ कोणाला, हेही पाहण्यासारखे आहे. मोडीचे प्रमाणपत्र दाखविले की नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. म्हणजे सूट मिळते ती नवे वाहन घेणाऱ्याला. वडनेरचा शेतकरी जुनी मोटार मोडीत काढील तेव्हा नवी घेणार नाही. तो नागपुरातल्या कोणाची तरी दुसरी जुनी घेईल. प्रमाणपत्र हस्तांतरित करता येते, हे खरे. पण ते कोणाला व किती रुपयांना विकावे, याची माहिती ज्याच्यापाशी नाही, त्याच्या बाबतीत अकरलॉफचा बैलबाजार पुन्हा भरणार.

याहून साधा मार्ग उपलब्ध आहे. मोटारीचे वय विचारण्याऐवजी तिची प्रकृती विचारावी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे आणि धूर यांची खरीखुरी यांत्रिक तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी व्हावी. नापास झालेल्या गाडीला कोणतेही शुल्क भरून सुटका नसावी आणि पास झालेलीला वयाचा दंड नसावा. चौपदरी रस्त्यावर ब्रेक निकामी झालेली गाडी केवळ मालकाचा जीव धोक्यात घालत नाही, म्हणून या कठोरपणाला हरकत घेण्याचे कारण नाही. तपासणीच्या वेळी काट्याचा आकडा सरकारी नोंदीत चढवला आणि तो कोणालाही पाहता येऊ लागला, तर काटा मागे फिरविणाऱ्यांचा धंदा पुष्कळसा बसेल आणि चांगल्या मोटारीला चांगला भाव येईल. धुराच्या प्रमाणपत्राबद्दल मात्र न बोललेले बरे; नळीत सळई न घालता ते मिळते, ही तक्रार जुनी आहे.

दरम्यान, या मोटारींसमोर एक नवे संकट उभे राहिले आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ऊस आणि मका पिकविणाऱ्यांसाठी, परकीय चलनासाठी ते हितावह असेल. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीतील रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनविलेले नाहीत आणि इथेनॉलची ऊष्णता पेट्रोलहून कमी असल्याने लिटरमागे अंतरही कमी पडते. या नळ्या बदलण्याचा खर्च मालकाचा. दोष त्याच्या गाडीचा नाही, पण पंपावर त्याला दुसरे पेट्रोल मागण्याची सोय नाही.

२०१०-११ हे देशातील मोटारविक्रीच्या मोठ्या भरभराटीचे वर्ष होते. त्या वर्षी शहरांतून पेढे वाटून घरी नेलेल्या मोटारी आता हात बदलत वडनेरसारख्या गावांत पोहोचल्या आहेत आणि २०११ मध्ये नोंदलेल्यांची १५ वर्षे २०२६ मध्ये भरत आहेत. पहिल्या मालकाने पहिली दहा वर्षे वापरली. पाच हजारांची पावती फाडावयाची आहे ती तिसऱ्याने.