तारणहाराचा रंग लाल

मार्क मिलर यांच्या २००३ सालच्या चित्रकथेवरून ‘सुपरमॅन: रेड सन’ हा अ‍ॅनिमेशनपट २०२० साली निघाला. कॅन्ससऐवजी सोव्हिएत भूमीत वाढलेला सुपरमॅन श्रमछावणी पाहून स्टालिनचा वध करतो आणि स्वतःच सर्वसत्ताधीश होतो. स्टालिनशाहीच्या या चित्रणाबद्दल लोकशाही समाजवाद्यांची तक्रार असण्याचे कारण नाही. त्यांनी तिचा निषेध हॉलिवूडला विचारून केलेला नाही. प्रश्न असा की, समाजवादाच्या या कथेत श्रमिक आहे कोठे? एक तारणहार जातो, दुसरा येतो. अमेरिकेच्या बाजूनेही लेक्स ल्यूथरच! जनतेने फक्त मान वर करून आकाशाकडे पाहावयाचे.

१९३८ चा मूळ सुपरमॅन याहून बरा होता. तिसऱ्याच अंकात त्याने एका बेपर्वा खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत कोंडून धडा शिकविला. मात्र त्याचे जनक सीगल आणि शुस्टर यांच्याकडून सारे हक्क अवघ्या १३० डॉलर्सना घेतले गेले. कंपनीने अमाप पैसा केला. या दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन मिळण्यास १९७५ चा डिसेंबर उजाडला, आणि तेही सहव्यवसायी व्यंगचित्रकारांनी एकजुटीने जाहीर आवाज उठविल्यानंतर.